श्वाननियंत्रण, ग्रामीण

गावातील पाळीव व मोकाट कुत्र्यांपासून माणसे, गुरे आणि वन्य प्राणी यांना होणारा उपद्रव टाळण्यासाठी योजिलेल्या कायदेशीर व स्थानिक उपायांस श्वाननियंत्रण म्हणतात. अलर्क रोगाचा (पिसाळ रोगाचा) प्रतिबंध हा त्याचा मुख्य हेतू होय. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो.

रत्नागिरी जिल्ह्यातील गावे वाड्यांत विभागलेली असून घरे विखुरलेली असतात. घरांच्या व आंबा-काजूच्या बागांच्या राखणीसाठी, तसेच वानरांना हुसकावण्यासाठी कुत्री पाळतात. ती सहसा बांधलेली नसतात. त्यांच्या मागावर बिबट्या वस्तीपर्यंत येतो. वेळास (ता. मंडणगड), आंजर्ले (ता. दापोली) व गुहागर येथील किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. कुत्री व कोल्हे ही अंडी उकरून खातात, म्हणून ती कुंपण घातलेल्या जागेत हलवून जपावी लागतात.

पूर्वी नियंत्रण म्हणजे प्रामुख्याने कुत्री मारणे असे. मुंबईत १८३२ मध्ये अशा मोहिमेविरुद्ध पारशी समाजात प्रक्षोभ होऊन दंगल उसळली. पोलीस अधिनियम, १९५१ मधील कलम ४४ अन्वये जाहीर सूचना काढून मोकाट कुत्री नष्ट करण्याचा, तसेच मोकळ्या कुत्र्यास मुसके बांधण्याची सक्ती करण्याचा अधिकार पोलीस अधीक्षकास देण्यात आला. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखाली केंद्र शासनाने २००१ मध्ये श्वान जननियंत्रण नियम केले. त्यांची जागा २०२३ च्या नियमांनी घेतली. त्यांनुसार मोकाट कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडणे हे स्थानिक संस्थेचे कर्तव्य आहे, तर पाळीव कुत्र्याची अशी जबाबदारी मालकावर आहे. पिसाळल्याचा संशय असलेले कुत्रे अलग ठेवावे लागते. प्राण्याबाबत हयगय करून मानवी जीवितास धोका किंवा गंभीर दुखापतीचा संभव निर्माण करणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या (२०२३) कलम २९१ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

या तरतुदींत कुत्र्यांचे ‘पाळीव’ व ‘मोकाट’ असे दोन वर्ग गृहीत धरले आहेत. गावातील बरीचशी कुत्री मात्र या दोहोंच्या मधली असतात : ती एका घरी जेवतात, पण साऱ्या वाडीत हिंडतात. चावा घेतल्यावर अशा कुत्र्यास मालक राहत नाही आणि लसीकरणाचा भार कोणीच उचलीत नाही. शस्त्रक्रियेसाठी पशुवैद्य, पिंजरे व निवारा यांची आवश्यकता असते. लहान ग्रामपंचायतीस हा खर्च झेपणे कठीण जाते. त्यामुळे वाडीवार कुत्र्यांची नोंद व सामूहिक लसीकरण यांना ग्रामीण भागात विशेष महत्त्व आहे. चावा घेतल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन विनाविलंब आरोग्य केंद्रात लस घेणे अत्यावश्यक असते.