खोलीतला आवाज, मंडपातला आवाज

घरी हेडफोन लावून हौसेने जमवलेला पॅच, म्हणजे गिटारच्या प्रोसेसरमध्ये सेव्ह केलेली आवाजाची जुळणी, मंडपात नेमका कुठे गडप होतो, या एका प्रश्नाने मला वर्षानुवर्षे झपाटलं आहे. परभणी-पूर्णा रेल्वेमार्गावरचं आमचं पिंगळी हे काही गिटारसाठी ओळखलं जाणारं गाव नव्हे. पण भीमजयंतीचा गाण्यांचा कार्यक्रम असो की गणपतीतला ऑर्केस्ट्रा, आपल्या भागात कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडच्या शेजारी गिटार दिसली, की तिच्या पायाशी प्रोसेसर असतोच.

या यंत्राचा इतिहास थोडक्यात उरकतो. नव्वदच्या दशकात झूम ५०५सारखे स्वस्त प्रोसेसर आले, १९९८ साली लाइन सिक्सचा पॉड आला आणि अँप, स्पीकर, पेडल यांची गणिती नक्कल सामान्य वादकाच्या हाती पडली. आज तेच तंत्र कैकपटींनी सुधारलं आहे.

खरी मेख आहे ती आपल्या कानात. १९३३ साली बेल लॅबोरेटरीजच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी प्रयोगांतून दाखवून दिलं, की आवाज लहान असताना कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो आणि टीपही थोडी दबते. म्हणून घरी आपण बेस वाढवतो, ट्रेबल वाढवतो, मिड खाली ओढतो. खोलीत आवाज कसा भरदार वाटतो! मंडपात मोठ्या आवाजात तोच बेस घुमतो आणि ट्रेबल टोचतो. शिवाय खर्जाची जागा बेस गिटार आणि ऑक्टोपॅडच्या ठोक्याने आधीच अडवलेली असते. गिटारला हक्काची जागा उरते मधली, साधारण ५०० ते २००० हर्ट्झची, आणि नेमकी तीच आपण घरून रिकामी करून आणलेली असते.

मिडवर माझं प्रेम आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्याला ते पटत नसेल त्याने मुंबईची बेंजो पार्टी ऐकावी. हा बेंजो म्हणजे मूळचं जपानी तैशोगोतो. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली घडवलेलं. आपल्याकडे ते बुलबुलतरंग झालं, पिकअप लावून गिटारच्या प्रोसेसरला जोडलं गेलं आणि मिरवणुकीत ताशाच्या कडकडाटातही त्याची चाल शब्दासारखी स्पष्ट ऐकू येऊ लागली. रवी जाधवांनी २०१६ साली या वादकांवर ‘बँजो’ हा हिंदी चित्रपटही काढला. बेंजोची ती स्पष्टता येते मिडमधून. हे वादक माझ्या मते आपले सगळ्यात जाणते ध्वनिरचनाकार आहेत.

आता प्रत्यक्ष काम. मंडपासाठी पॅचची वेगळी प्रत करा. १०० हर्ट्झच्या आसपास खालचा भाग छाटा. गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा मूळ स्वर ८२ हर्ट्झचा असला तरी तिचा दमदारपणा त्याच्या वरच्या स्वरांशांत असतो. वर ६ किलोहर्ट्झपाशी कापा, कारण गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झनंतर तसाही झपाट्याने उतरतो. वायर सरळ मिक्सरला जाणार असेल तर कॅब सिम्युलेशन, म्हणजे स्पीकरची नक्कल, चालू ठेवा. गिटार अँपला जाणार असेल तर बंद. दोन्हीकडे स्पीकरचा परिणाम झाला, की आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा येतो.

सोलोसाठी गेन वाढवू नका, लेव्हल ३ ते ६ डेसिबल वाढवा. डिस्टॉर्शनमध्ये गेन चढवला की आवाज दबून सपाट होतो, पुढे येत नाही. रिव्हर्बही निम्म्यावर आणा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ३४ मीटरवरच्या भिंतीवर आपटून परतायला त्याला ०.२ सेकंद लागतात. म्हणजे मैदान स्वतःच डिले लावून देतं.

परवा आमच्या पुतण्याने विचारलं, “काका, पॅच विकत घेऊ का?” मी त्याला सांगितलं, तो दुसऱ्याच्या गिटारवर, दुसऱ्याच्या पिकअपवर, दुसऱ्याच्या खोलीत बनलेला असतो. त्यापेक्षा कार्यक्रमाच्या दिवशी लवकर जा, साउंडवाल्या दादांना चहा पाज, सगळी वाद्यं सुरू असताना मंचाखाली उतर आणि मिड हळूहळू चढव. गाणाऱ्याचे शब्द न झाकता गिटार ऐकू आली, की तिथेच थांब आणि पॅच सेव्ह कर.