केसपेपरवरच्या चार ओळी

नवऱ्याचा मार खाल्लेली बाई पोलीस चौकीआधी बहुधा दवाखान्यात जाते. "बाथरूममध्ये घसरले," म्हणते. डॉक्टर गोळ्या देतात आणि लिहितात, "पडून इजा." दोन वर्षांनी ती पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात उभी राहिली, की सासरचा वकील नेमका हाच कागद पुढे करतो.

अशा बायका थोड्या नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या साधारण चौघींपैकी एकीने नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं.

तेव्हा डॉक्टरांनी आधी जखम नीट बघायची. घसरलेल्या माणसाला तळहात, गुडघा, कोपर इथे लागतं. फटका अडवताना हात आडवा जातो, म्हणून मनगट आणि कोपराच्या मध्ये, करंगळीच्या बाजूला वळ उठतात. कधी तिथलं एकच हाड मोडतं. काठीच्या वळात दोन समांतर लाल रेघा आणि मध्ये फिकट पट्टी दिसते. बाथरूमच्या फरशीने असा वळ उठत नाही. काही डाग निळे, काही पिवळट असतील तर मार एका दिवसातला नसावा. मात्र रंगावरून तारीख सांगायच्या फंदात पडू नये, उलटतपासणीत ते अंगाशी येतं. जागा, रंग आणि सेंटिमीटर लिहावेत.

मग सोबतच्यांना, सासूलासुद्धा, "तपासायचंय, जरा बाहेर थांबा" म्हणावं आणि बाईला सरळ विचारावं, "घरी कोणी हात उचलतं का?" नाही म्हणाली तर उकरून काढू नये, दार उघडं आहे एवढं कळू द्यावं. हो म्हणाली तर कोणी, कशाने, कधी हे तिच्याच शब्दांत उतरवावं: "काल रात्री पतीने लाटण्याने मारल्याचे रुग्ण सांगते." गळा दाबला होता का, हे वेगळं विचारावं, त्याची खूण बाहेरून दिसेलच असं नाही. आज घरी जाणं सुरक्षित आहे का, हेही. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर तोंडी सांगावा, चिठ्ठी घरात सापडू शकते.

वेळेवर झालेल्या नोंदीची किंमत पुण्याला ठाऊक असायला हवी. १९८२ मध्ये इथे मंजुश्री सारडा सायनाइडने गेली. शवविच्छेदन विष कोणतं ते सांगतं, कोणी दिलं ते नाही. घरात काय चाललं होतं हे कळायला कोर्टात तिची पत्रं वाचली गेली. खून की आत्महत्या हा संशय उरला आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पतीला निर्दोष सोडलं. तिच्या मृत्यूनंतरच्या अस्वस्थतेतून पुण्यात नारी समता मंच उभा राहिला.

खरी अडचण फॅमिली डॉक्टरची. तोच सासऱ्यांचं बीपी बघतो, वर कोर्टाच्या फेऱ्यांची धास्ती. धास्ती समजते, "पडून इजा" लिहिणं मला पटत नाही.

कायदा बराच स्पष्ट आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अधिसूचित रुग्णालयाला अशा स्त्रीवर उपचार नाकारता येत नाहीत. घटनेचा अहवाल आधी झालेला नसेल तर रुग्णालयानेच तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा. लैंगिक अत्याचारात सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तात्काळ मोफत उपचार द्यायचे आणि पोलिसांना कळवायचं. उपचार टाळले तर वर्षापर्यंत कैद. 'आधी पोलिसांचं पत्र आणा' हे चालत नाही. बलात्काराच्या तपासणीतली दोन बोटांची चाचणी तर २०१४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनीच बाद केली. ती करणं हे गैरवर्तन, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावलं.

एकट्या डॉक्टरकडून सगळं होत नाही, हेही खरं. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'सेहत' संस्था आणि मुंबई महापालिकेने 'दिलासा' हे समुपदेशन केंद्र काढलं ते त्यासाठीच. बाई केसपेपर घेऊन त्याच इमारतीत समुपदेशकाकडे जाते. घरी सांगायला कारण असतं, दवाखान्यात गेले होते.

आणि तपासणीच्या अहवालाची प्रत तिला मोफत मिळायला हवी. ती कुठे ठेवणार, माहेरी की मैत्रिणीकडे, हे देतानाच विचारावं.