शीण सेवेचा नव्हे

सतत दुसऱ्याची वेदना पाहून नर्सचं मन बधिर होतं, या अवस्थेसाठी कार्ला जॉयन्सन यांनी 1992 मध्ये नर्सिंगच्या एका अमेरिकी नियतकालिकात ‘करुणेचा थकवा’ हे शब्द वापरले. पुढे बेथ स्टॅम यांच्या प्रश्नावलीत गेल्या तीस दिवसांविषयीचे तीस प्रश्न आले आणि सेवेतलं समाधान व सेवेतला थकवा यांचे गुण वेगवेगळे मोजले जाऊ लागले. म्हणजे एकच नर्स कामाने भरून पावलेलीही असू शकते आणि पिचलेलीही. आपल्याकडे मात्र थकवा दिसला की माया आटली, असं आपण धरून चालतो. मुंबई आणि कोलकात्याची गेली पन्नास वर्षं पाहिली, तर हा समज टिकत नाही. थकवते ती करुणा नव्हे. करुणेची राखण करायला कुणी नसणं थकवतं.

मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात 27 नोव्हेंबर 1973 रोजी अरुणा शानबाग या तिथल्याच नर्सवर पाशवी हल्ला झाला आणि ती अंथरुणाला खिळली. 18 मे 2015 रोजी तिचं निधन होईपर्यंत, सुमारे 42 वर्षं, तिथल्या नर्सेसनी तिला सांभाळलं. त्यातल्या कित्येकींनी तिला कधी चालता-बोलताना पाहिलंही नव्हतं. एवढ्या काळात तिला बेडसोर झाले नाहीत, याची सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2011 च्या निकालात गौरवाने दखल घेतली. ही निव्वळ त्यागाची कथा म्हणून सांगितली जाते, ते मला अपुरं वाटतं. हल्ल्यानंतर मुंबईच्या नर्सेसनी सुरक्षिततेसाठी संप केला होता. ऐंशीच्या दशकात महापालिका खाट मोकळी करण्यासाठी अरुणाला हलवू पाहत होती, तेव्हाही त्यांनी विरोध करून तो बेत हाणून पाडला. भार वाटून घेतलेला होता, आणि आपल्या रुग्णाचं काय व्हावं यात त्यांचा शब्द चालत होता. समाधान टिकलं ते यामुळे.

अरुणा त्यांच्यातलीच होती, परक्यांसाठी कोण एवढं करतं, असा आक्षेप येईल. 9 डिसेंबर 2011 च्या पहाटे कोलकात्यात ढाकुरियाच्या आमरी रुग्णालयाला आग लागली, तेव्हा केरळहून आलेल्या दोन तरुण नर्सेस आठ रुग्णांना बाहेर काढून पुन्हा आत गेल्या आणि परतल्या नाहीत. ते रुग्ण त्यांचे कोण होते? त्याच शहरातून कोरोनाच्या साथीत, मे 2020 मध्ये, मणिपूरच्या नर्सेस मोठ्या संख्येने नोकरी सोडून गावी गेल्या. 3 मे रोजी देशभरातल्या रुग्णालयांवर सन्मान म्हणून हेलिकॉप्टरमधून फुलं पडली होती, त्याला जेमतेम दोन आठवडे झाले होते. अपुरा पगार, घरच्यांची काळजी, चेहरेपट्टीवरून रस्त्यात होणारी हेटाळणी, अशी कारणं त्यांनी सांगितली. दोन्हीकडच्या मुली घरापासून दूर, खासगी नोकरीत, भाषा परकी. मणिपूरच्या मुलींची माया कमी पडली, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: दुःख तर कामातच आहे, मग मन खंबीर करणारं प्रशिक्षण नको का? जरूर हवं. पण भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिक्षण रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स असा आहे. कोलकात्याच्या बेहालातलं विद्यासागर स्टेट जनरल हॉस्पिटल या दुसऱ्या प्रकारचं. सरकारी रुग्णालयांच्या कितीतरी वॉर्डांत रात्रपाळीला हा निकष कुठल्या कुठे राहतो, आणि तिथल्या एकट्या सिस्टरला ध्यानधारणा शिकवून खाटा कमी होत नाहीत. पगाराचंही तेच. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने 50 पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांतही नर्सला महिना किमान 20,000 रुपये सुचवले. शिफारस करावी लागली, यातच सगळं आलं.

9 ऑगस्ट 2024 रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. त्यावरच्या सर्वोच्च न्यायालयातल्या सुनावणीत सरन्यायाधीशांना अरुणाचं नाव घ्यावं लागलं. बंगाल सरकारने स्त्रियांना शक्यतो रात्रपाळी देऊ नये, असा तोडगा काढला. संरक्षण देणं हे सरकारचं काम आहे, असं न्यायालयाने सप्टेंबरमध्ये बजावलं. ते योग्यच होतं. बेहालात काय किंवा परळला काय, रात्रपाळीच्या नर्सला हवी आहे सोबतीला दुसरी नर्स, आतून कडी लागणारी विश्रांतीची खोली आणि हाकेसरशी येणारा पहारेकरी.