रुळाची झीज आणि रुळाचा थकवा

लोखंडी तारेचा तुकडा वर्गात घ्या आणि एकाच जागी मागेपुढे वाकवत राहा. पहिल्या खेपेला तार तुटत नाही. बऱ्याच खेपांनंतर मात्र अचानक तुटते. वारंवार येणाऱ्या ताणामुळे धातूत भेग पडते आणि वाढत जाते. याला आम्ही धातूचा थकवा म्हणतो. रेल्वेच्या रुळाचे मोठे दुखणे हेच.

कोळशाच्या मालगाडीला साधारणपणे ५८ वाघिणी असतात आणि प्रत्येक वाघिणीला आठ चाके. म्हणजे एक गाडी गेली की रुळाच्या प्रत्येक बिंदूवरून वाघिणींची २३२ चाके जातात. एका आसावर २२.९ टन भार धरला, तर एका चाकाच्या वाट्याला सुमारे साडेअकरा टन येतात. हा भार पेलणारी चाक आणि रूळ यांच्या स्पर्शाची जागा जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढी असते! तेथे पोलाद दबते, किंचित सरकते आणि माथ्यावर बारीक, तिरप्या भेगा पडू लागतात.

आता गंमत पाहा. झीज म्हणजे रुळाचा शत्रू, असे आपण समजतो. परंतु झीज भेगेच्या वाढीपेक्षा जलद असेल, तर कोवळी भेग घासली जाऊनच नाहीशी होते. झीज फारच कमी झाली, तर भेगेला खोल जायला सवड मिळते. म्हणून रूळ घासणारी गाडी चालवून माथ्यावरचा मिलिमीटरच्या काही अंशांचा थर मुद्दाम काढतात.

खोल गेलेली भेग शोधतात श्राव्यातीत ध्वनीने. पोलादात तो सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर जातो. १७२ मिलिमीटर उंचीच्या रुळाच्या तळावरून प्रतिध्वनी सुमारे ५८ मायक्रोसेकंदांत परततो. त्याआधीच आला, तर मध्ये भेग आहे असे समजावे. तिरप्या भेगांसाठी ध्वनीही तिरपा सोडावा लागतो. मात्र माथ्यावर भेगांची दाटी असेल, तर तिच्या आडोशाला खालची मोठी भेग लपते.

इंग्लंडमध्ये हॅटफील्डजवळ १७ ऑक्टोबर २००० रोजी अशाच भेगांनी रूळ फुटला. त्याचे तीनशेहून अधिक तुकडे झाले. प्रवासी गाडी घसरून चौघांचा मृत्यू झाला. भेगा आधीच दिसल्या होत्या, बदलायचे रूळही मार्गाशेजारी येऊन पडले होते. निदान झाले होते, उपचार राहिला होता.