चुलीचा हिशेब



सूर्याच्या विजेविषयी हल्ली पुष्कळ ऐकू येते. कोळसा वा तेल न जाळणाऱ्या साधनांची वीजक्षमता २०३० सालापर्यंत ५०० गिगावॅटवर न्यावयाची, असे आपल्या देशाने २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत जाहीर केले. २०२५ साली देशाच्या एकूण वीजक्षमतेत या साधनांचा वाटा निम्म्यावर गेला. गोष्ट अभिमानाची खरीच. पण तुम्ही म्हणाल, देशात एवढी वीज झाली, मग आमच्या घरची मोळी अजून बाईच्या डोक्यावरूनच का येते?

प्रश्न रास्त आहे. विजेचा हिशेब आणि चुलीचा हिशेब या दोन वेगळ्या वह्या आहेत, हे त्याचे उत्तर.

पहिली वही पाहा. विहिरीवर दहा अश्वशक्तीची मोटर बसवली म्हणून झरा वाढत नाही. क्षमतेचेही तसेच. एक किलोवॅटचे सौर पॅनेल आपल्याकडे दिवसाला सरासरी चारेक युनिट वीज देते, आणि तीही ऊन असेतोवर. आपली चूल पेटते पहाटे आणि दिवेलागणीला. म्हणून उन्हाची वीज शेतीपंपाला चांगली जुळते. महाराष्ट्रात २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतू हाच, की शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी. रात्री विंचूकाट्यातून पाणी द्यायला जावे लागू नये. काम मोलाचे आहे. पण ही वीज विहिरीवर जाते, चुलीपाशी नव्हे.

आता दुसरी वही. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशात बलिया येथे उज्ज्वला योजना सुरू झाली. आठ कोटीवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्या तेव्हाच्या औरंगाबादेत दिली गेली. शेगडी घरात आली. पण टाकी पुन्हा भरून आणणे ही वेगळी गोष्ट. सरकारी आकड्यांप्रमाणे उज्ज्वलाच्या घरांनी २०१९-२० साली सरासरी तीनच टाक्या घेतल्या. २०२४-२५ साली सुमारे साडेचार. पाच माणसांचा सारा स्वयंपाक गॅसवर केला, तर एक टाकी महिना-दीड महिन्यात संपते. म्हणजे बाकीचे दिवस धूर आहेच.

असे का होते? बाईला धुराचा त्रास कळत नाही म्हणून? छे! तिचे डोळे आणि तिचा खोकलाच ते सांगतात. पण लाकूडफाट्याला घाम लागतो, रोकड लागत नाही. टाकीला एकरकमी रोकड लागते. सवलत बँकेत जमा होते ती मागाहून. २०२२ साली टाकीमागे २०० रुपये आणि २०२३ साली ३०० रुपये सवलत झाली. त्यानंतर टाक्यांची सरासरीही चढली, हे ध्यानात घ्या. एकदम पैसे निघत नसतील, त्यांच्यासाठी योजनेत ५ किलोची लहान टाकीही आहे. पुष्कळांना हे ठाऊक नसते.

तिसरा मार्ग जुना आहे, गोबरगॅसचा. खादी ग्रामोद्योग आयोगाने तो १९६०च्या दशकापासून गावोगाव नेला. गोवरी जाळली की खताची राख होते. गोबरगॅसमध्ये जळणही मिळते आणि खतही उरते. मात्र दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते, म्हणजे दावणीला चार-पाच जनावरे हवीत. भूमिहीन मजुराने ती कोठून आणावी?

तात्पर्य काय, तर मेगावॅट मोजावेत आणि जोडण्याही मोजाव्यात. पण धोरणाची खरी परीक्षा, वर्षात किती दिवस घरात धूर झाला नाही, यावर व्हावी. शिक्षक मित्रहो, हे काम मुलांकडून सहज होईल. महिनाभर प्रत्येकाने वहीत लिहावे: आज स्वयंपाक कशावर झाला, सरपण कोणी आणले, त्यात किती वेळ गेला. नावे न घालता ती बेरीज ग्रामसभेपुढे ठेवा. गावाजवळ स्वतःचा आकडा असला, म्हणजे मागणी नेमकी करता येते.