विद्युत् कताईचे नॅनोतंतू

बहुवारिकाच्या (लहान रेणू साखळीसारखे जोडले जाऊन बनलेल्या पदार्थाच्या) विद्रावास उच्च विद्युत् दाब देऊन काढलेले अतिसूक्ष्म तंतू. त्यांचा व्यास सामान्यतः सु. ५० नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) ते काही मायक्रोमीटर असतो. निकामी झालेली ऊतके (समान कार्य करणाऱ्या कोशिकांचे म्हणजे पेशींचे समूह) पुन्हा घडविणे व औषध शरीरात सावकाश सोडणे यांसाठी ते महत्त्वाचे ठरले आहेत.

घासलेला अंबर जवळ आणल्यास पाण्याचा थेंब शंकूसारखा ओढला जातो, हे विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० मध्ये नमूद केले होते. आंटोन फॉर्महाल्स यांना या पद्धतीने तंतू काढण्याचे अमेरिकन एकस्व (पेटंट) १९३४ मध्ये मिळाले. शंकूच्या आकाराची गणितीय मीमांसा जेफ्री टेलर यांनी १९६४ मध्ये केली. म्हणून त्याला ‘टेलर शंकू’ म्हणतात.

पद्धती : विद्राव बारीक सुईतून हळूहळू ढकलतात आणि सुईला सु. १० ते ३० किलोव्होल्ट दाब देतात. विद्युत् भारांचे प्रतिसारण पृष्ठताणावर मात करते, तेव्हा शंकूच्या टोकातून धारा निघते. ती प्रथम सरळ जाते व मग वेगाने वेटोळी घेत लांबत व बारीक होत जाते. दरम्यान विद्रावक उडून जातो आणि सु. १० ते २० सेंमी. अंतरावरील धातूच्या पत्र्यावर तंतूंचे जाळे साठते. विद्राव फार पातळ असल्यास तंतूंवर मणी तयार होतात.

उपयोग : शरीरातील कोशिका कोलॅजेनासारख्या तंतूंच्या जाळ्यात वाढतात. पॉलिकॅप्रोलॅक्टोन, पॉलिलॅक्टिक अम्ल इत्यादींचे जाळे या नैसर्गिक आधाराशी मिळतेजुळते असते व शरीरात यथावकाश विघटित होते. वेगाने फिरणाऱ्या दंडगोलावर गोळा केलेले तंतू एका दिशेत येतात. तंत्रिका व स्नायुबंध यांच्या दृष्टीने हे उपयुक्त आहे. तंतूंत मिसळलेले औषध विसरणाने व तंतूंच्या झिजेने बाहेर पडते. २००२ मध्ये टेट्रासायक्लीन या प्रतिजैव औषधावर असे प्रयोग प्रसिद्ध झाले.

मर्यादा : तंतूंची सूक्ष्मता हा गुण आहे, तशीच ती अडचणही आहे. तंतू जितके बारीक तितकी त्यांमधील छिद्रे लहान. त्यामुळे कोशिका पृष्ठावर उत्तम चिकटतात, पण आत शिरू शकत नाहीत. यावर उपाय म्हणून सहज विरघळणारे तंतू सोबत कातून नंतर धुऊन काढतात. पृष्ठाजवळचे औषध आरंभीच एकदम सुटते. ते रोखण्यासाठी एकात एक बसविलेल्या दोन सुयांनी औषधाभोवती आवरण देतात. उरलेला विद्रावक विषारी ठरू शकतो. कोलॅजेन फ्ल्युओरिनयुक्त अल्कोहॉलात विरघळवून कातल्यास त्याची तिपेडी रचना बिघडते व जिलेटीन उरते. म्हणजे ज्या नैसर्गिक द्रव्याचे अनुकरण करावयाचे तेच नष्ट होते.

अशा पॉलियुरेथेन तंतूंचे आवरण असलेल्या, हृद्‌रोहिणीस पडलेले छिद्र बुजविणाऱ्या एका जाळीनळीस (स्टेंटला) २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. तेथे तंतूंचे काम गळती थांबविण्याचे आहे. कोशिकांना आत वाढू देणारे जाड, सजीव ऊतक घडविणे हे त्याहून कठीण काम आहे.