बाळाचा मोतीबिंदू : थांबू नका

मोतीबिंदू हा म्हातारपणाचा आजार, अशी आपली समजूत असते. पण तो जन्मतःही असू शकतो. कधी तो आनुवंशिक असतो, कधी गरोदरपणी आईला झालेल्या रुबेलामुळे होतो; पुष्कळदा कारण सापडतच नाही.

आजोबांनी शस्त्रक्रियेला वर्षभर उशीर केला, तरी सहसा त्यांची नजर परत येते, कारण त्यांचा मेंदू पाहायला केव्हाच शिकलेला असतो. बाळाचा मेंदू मात्र पहिल्या काही महिन्यांत पाहायला शिकू लागतो. त्या काळात डोळ्यापुढे पडदा राहिला, तर पुढे डोळा साफ करूनही नजर अधूच राहते. म्हणून दाट मोतीबिंदू एका डोळ्यात असल्यास बाळ चार ते सहा आठवड्यांचे असताना व दोन्हींत असल्यास सहा ते आठ आठवड्यांचे असताना शस्त्रक्रिया करावी, असे तज्ज्ञ सांगतात.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन करतात. बाळाचे भिंग मऊ असते; ते बारीक छेदातून ओढून घेतात. भिंगामागची पातळ त्वचा लहान मुलांत लवकर गढूळ होते, म्हणून तिलाही मध्यभागी भोक पाडतात.

मग कृत्रिम भिंग लगेच बसवावे काय? अमेरिकेत एका डोळ्यात मोतीबिंदू असलेल्या ११४ तान्ह्या बाळांवर याचा अभ्यास झाला. काहींना भिंग बसवले, काहींना बुबुळावर लावायचे कॉन्टॅक्ट लेन्स दिले. मुले दहा वर्षांची झाली तेव्हा दोन्ही गटांची नजर सारखीच होती. भिंग बसवलेल्यांवर मात्र पुन्हा शस्त्रक्रिया अधिक कराव्या लागल्या. चांगली नजर मिळाली ती साधारण चौघांतल्या एकालाच.

म्हणून शस्त्रक्रिया झाली की काम संपले, असे आईबापांनी समजू नये. चष्मा किंवा लेन्स रोज लावणे, सांगितल्यास चांगल्या डोळ्यावर ठरलेले तास पट्टी बांधणे, हे वर्षानुवर्षे करावे लागते. मूल रडते म्हणून पट्टी काढली, तर अधू डोळा आळशीच राहतो. काचबिंदूचाही धोका असतो; तपासणी चुकवू नये.

बाळाची बाहुली पांढुरकी दिसली, डोळे सारखे थरथरले, तिरळे वाटले, किंवा तीन महिन्यांचे होऊनही बाळ आईच्या तोंडाकडे पाहत नसेल, तर ‘मोठे झाल्यावर बघू’ म्हणू नका. त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाला दाखवा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदूचा समावेश आहे. खर्चाची अडचण असल्यास सरकारी दवाखान्यात किंवा अंगणवाडीत चौकशी करावी.